डोळे कपाळात का गेले?

वाचकांचे प्रश्न : आधुनिक व्यक्तिचित्र

सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात मातिसचं ‘टोपी घातलेली स्त्री’ पाहिलं. नंतर एका पुस्तकात त्याच बाईचं, त्याच वर्षीचं ‘हिरवा पट्टा’ पाहण्यात आलं. पहिलीतली बाई आत्ता काहीतरी बोलेल असं वाटतं, दुसरी मात्र देवीच्या मुखवट्यासारखी. बाई तीच, चित्रकार तोच. मग भाव बदलला कुठे?
— सॅन होजे, कॅलिफोर्निया

दोन्ही चित्रं १९०५ची, दोन्हींत फ्रेंच चित्रकार मातिसची पत्नी अमेली आहे. आणि गंमत अशी, की चेहऱ्याचे स्नायू दोन्हीकडे जवळजवळ काहीच करत नाहीत. हसू नाही, आठी नाही, ओठ मिटलेले. म्हणजे भाव चेहऱ्यावर शोधून सापडणार नाही. तो बैठकीत, चौकटीत आणि रंग कसा लावलाय त्यात शोधावा लागेल.

टोपीवाल्या चित्रात अमेलीचं अंग एका बाजूला वळलेलं आहे आणि चेहरा तेवढा आपल्याकडे. हा पीळ फार वेळ टिकत नाही हे आपल्या शरीराला माहीत असतं, म्हणून ती क्षणभर थबकून बघतेय असं वाटतं. डोक्यावर टोपीचा प्रचंड भार, हातमोजा, पंखा. ही बाहेर निघालेली, लोकांत वावरणारी बाई आहे. त्यात रंगाचे फटकारे सुटे सुटे आणि मध्ये कोरा कॅनव्हास उघडा. नजर एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर उडत राहते, ठरत नाही. तुम्हाला ‘बोलेल’ असं वाटलं ते या अस्थिरतेमुळे.

‘हिरव्या पट्ट्या’त हे सगळं काढून टाकलंय. हात नाहीत, टोपी नाही, चौकट छातीपाशीच कापलेली. चेहरा जवळजवळ समोरून. केसांचा अंबाडा, कपाळ, नाक आणि हनुवटी एका उभ्या अक्षावर येतात आणि त्याच अक्षावर तो हिरवा पट्टा उतरतो. पारंपरिक व्यक्तिचित्रात उजेड एका बाजूने येतो आणि उजेड-सावलीची एक सीमारेषा चेहऱ्यावर पडते. गोऱ्या कातडीवर या सीमेवरचा रंग थंड, हिरवट करडा दिसतो. जुने युरोपीय चित्रकार तो हळूच मिसळून टाकत. मातिसने तो मिसळला नाही, उलट रुंद करून नाकावर ठेवून दिला. म्हणजे पट्टा वेडेपणाने आलेला नाही, तो सावलीचंच काम करतोय.

पडताळा घ्यायचा असेल तर चित्राचा फोटो फोनमध्ये कृष्णधवल करा. पट्टा दोन्ही गालांपेक्षा किंचित गडद असा करडा होतो आणि नाक आपोआप उठून दिसतं. मग रंगीत छापील चित्रावर कागदाची बारीक पट्टी ठेवून हिरवा भाग झाका. चेहऱ्याचे दोन तुकडे एकमेकांपासून सुटल्यासारखे होतात.

मुखवटा का वाटतो, त्याचं कारण मात्र पट्ट्यापेक्षा पार्श्वभूमीत जास्त आहे. आपल्या उजवीकडे हिरवी, डावीकडे वर जांभळट आणि खाली नारिंगी, असे तीन तुकडे. गुलाबी गाल हिरव्याशेजारी येतो, पिवळट गाल जांभळटाशेजारी. विरोधी रंग असे शेजारी आले की दोघंही पुढे येऊ पाहतात. पार्श्वभूमी मागे हटत नाही, चेहरा गोल होऊन फिरत नाही, सगळं एका पातळीवर घट्ट बसतं. या चित्राचा आकार अवघा ४०.५ × ३२.५ सेंटिमीटर, टोपीवालं साधारण ८१ × ६० आहे. छोटं चित्र मोठ्याहून जास्त भारदस्त वाटतं, ते समोरून घेतलेल्या मांडणीमुळे आणि घट्ट चौकटीमुळे.

संग्रहालयात जाणं होत नाही. फोनवर झूम करून बघितलं तर काय निसटतं?
— परभणी

सगळ्यात आधी आकार निसटतो. फोनवर भित्तिचित्र आणि पोस्टकार्ड सारखंच दिसतं. ब्रिटिश चित्रकार ल्युसियन फ्रॉइडने २०००-०१मध्ये केलेलं राणी एलिझाबेथचं व्यक्तिचित्र सुमारे २३.५ × १५ सेंटिमीटर आहे, वहीच्या पानाएवढं. पडद्यावर ते भलं मोठं आणि उग्र वाटतं. त्या इवल्या मापात एवढा जाड रंग आणि मुकुटासकट एवढा चेहरा कोंबलाय, ही खरी गोष्ट कळतच नाही. सोपा उपाय: चित्राचं माप शोधा, तेवढा वर्तमानपत्राचा कागद कापा, भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवा आणि दोन मीटरवर उभे राहून मग फोनमध्ये बघा.

दुसरं, रंगाची जाडी. समोरून घेतलेल्या फोटोत ती सपाट होते. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर कधी कधी तिरक्या उजेडातला फोटो असतो, तो जरूर बघा. झूम शेवटी करा. आधी झूम केलं की आपण डोळे-ओठ वाचायला लागतो आणि चित्र राहून जातं.

शाळेत रंग आणि भाव यांचा तक्ता शिकवतो: लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख, पिवळा म्हणजे आनंद. पण पिकासोची ‘रडणारी स्त्री’ तर पिवळी-हिरवी आणि लाल टोपीवाली आहे. मुलांना काय सांगावं?
— मिरजेच्या एक कलाशिक्षिका

तक्ता भिंतीवरून काढून ठेवा, असं स्पष्टच सांगतो. लाल आपल्याकडे कुंकवाचा, लग्नाच्या शालूचा आणि धोक्याच्या पाटीचाही. रंगाला अर्थ शेजाऱ्यामुळे येतो.

हे चित्र ऑक्टोबर १९३७चं, पिकासोच्याच ‘गेर्निका’ या युद्धविरोधी चित्रानंतरच्या महिन्यांतलं, बैठकीला छायाचित्रकार डोरा मार. लंडनच्या टेट संग्रहालयात आहे, उंची जेमतेम ६० सेंटिमीटर. मुलांना दोन गोष्टी करायला लावा. पहिली, चित्राच्या मधला भाग, म्हणजे तोंड, दात, बोटं आणि रुमाल, कागदाने झाका. उरतं काय? टापटीप केस आणि फुलाची ठसठशीत टोपी. सणाला निघालेली बाई. आता उलट करा, फक्त मधला भाग उघडा ठेवा. तिथे रंग उडून गेलाय, निळसर पांढरं उरलंय आणि आकार काचेच्या तुकड्यांसारखे टोकदार झालेत. रुमाल कुठे संपतो आणि बोटं कुठे सुरू होतात, ते चटकन कळत नाही. दुःख निळ्या रंगात नाही. नटलेल्या कडेत आणि रंग उडालेल्या मध्यात जी दरी आहे, तिच्यात आहे. टोपी करडी केली असती तर चित्र निम्मं मेलं असतं.

दुसरी गोष्ट, रेषा बोटाने गिरवायला सांगा. बोट सारखं अडखळतं, कोपऱ्यांवर वळतं. मग इटालियन चित्रकार मोदिग्लियानीची एखादी स्त्री गिरवायला द्या. बोट मानेवरून खांद्यापर्यंत न थांबता घसरतं. पाचवीतल्या मुलालाही हा फरक हाताने कळतो, आणि तो रंगांच्या तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

आमच्या गोव्याच्या चित्रकार सूझांच्या चेहऱ्यांत डोळे थेट कपाळात का असतात? आश्चर्य दाखवायला? आणि ते चेहरे एवढे रागीट का?
— म्हापसा

मराठीत ‘डोळे कपाळात जाणे’ म्हणजे थक्क होणं, त्यामुळे तुमचा अंदाज साहजिक आहे. पण फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचे चेहरे थक्क झालेले दिसत नाहीत. काय होतंय ते मोजून बघा.

प्रौढ माणसाच्या डोक्याची टाळूपासून हनुवटीपर्यंतची उंची घेतली तर डोळे बरोबर मध्यावर येतात. चित्रकला शिकणाऱ्याला हे पहिल्या आठवड्यात सांगतात, कारण नवशिका ते नेहमी वर काढतो. आता सूझांच्या १९५०च्या दशकातल्या एखाद्या चेहऱ्याच्या छापील चित्रावर पट्टी ठेवा. डोळ्यांची रेषा अनेकदा वरच्या चौथ्या हिश्शात, कधी थेट केसांच्या कडेला भिडलेली सापडते. याचे परिणाम दोन. कपाळ जवळजवळ नाहीसं होतं, आणि कपाळ म्हणजे आपल्या लेखी विचाराची, शहाणपणाची जागा. आपण नशीबही तिथेच लिहिलेलं मानतो. दुसरं, वाचलेली सगळी जागा नाक, जबडा आणि दातांना मिळते. नळीसारखं लांब नाक आणि दातांची रांग. चेहरा विचार करणारा राहत नाही, चावणारा होतो. ओठांना किंवा भुवयांना रागाचा आकार न देताही राग येतो तो या मापांतून.

त्यावर जाड काळी रेषा. ती आकाराला चारी बाजूंनी बंद करते, चर्चच्या रंगीत काचेतल्या शिशाच्या पट्ट्यांसारखी. सूझांचा जन्म १९२४चा, सालिगावचा, कॅथलिक घरातला. संतांच्या जखमी, बाण रुतलेल्या मूर्ती त्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या. १९५५च्या ‘मिस्टर सेबास्टियन’मध्ये बाणांनी विंधलेल्या हुतात्मा संत सेबास्टियनचे बाण सुटाबुटातल्या माणसाला रुतलेले आहेत. हे ठाऊक असलं की पुढच्या चेहऱ्यांच्या मानेवरच्या काट्यांसारख्या, ओरखड्यांसारख्या रेषा नुसती सजावट वाटत नाहीत. लहानपणी त्यांना देवी आल्या होत्या. त्यातून वाचल्यावर संत फ्रान्सिस झेवियरच्या नावाने ‘फ्रान्सिस’ हे नाव जोडलं गेलं. चेहऱ्यांवरचे ठिपके आणि व्रण बघताना हे आठवणं साहजिक आहे, पण प्रत्येक ठिपका म्हणजे देवीचा वण असं समीकरण मात्र मांडू नका.

आता एक काळजी. कपाळातले डोळे सूझांच्या ढीगभर चेहऱ्यांत आहेत. जी गोष्ट चित्रकाराच्या सगळ्या चित्रांत आहे, ती त्याचं हस्ताक्षर. या एकाच चित्राचा भाव नव्हे. मोदिग्लियानीच्या बदामी, बुबुळ नसलेल्या डोळ्यांबद्दलही लोक ‘अंतर्मुख’, ‘उदास’ लिहीत सुटतात. पण त्याने चित्रांकडे पूर्ण वळण्याआधी दगडात डोकी घडवली होती, १९१२च्या पॅरिसच्या शरद प्रदर्शनात ती मांडलीही होती, आणि कोरा डोळा बराचसा तिथून आलाय. म्हणून एका चित्रकाराचे निदान पाच चेहरे शेजारी ठेवा. पाचांत समान काय ते आधी बाजूला काढा. मग या चित्रात वेगळं काय ते शोधा: इथे रेषा तुटलीय का, तोंड मिटलंय का, पार्श्वभूमी अचानक रिकामी आहे का. सूझांचे सगळे चेहरे रागीट नाहीत हे मग आपोआप दिसेल. काही केविलवाणे आहेत, काही चक्क विनोदी.

साठच्या दशकाच्या मध्यात त्यांनी काळ्यावर काळा रंग जाड लावून चित्रं केली. ती फोटोत बघण्यात अर्थ नाही. तिथे चेहरा रंगाच्या उंचवट्यावर पडणाऱ्या उजेडातून दिसतो, त्यामुळे समोर उभं न राहता बाजूला सरकत सरकत बघावं लागतं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन संग्रह आहे, त्यात सूझांची कामं आहेत. भिंतीवरची चित्रं बदलत असतात, तेव्हा आधी चौकशी करून जा. चित्रकार अकबर पदमसींचे चेहरे बघायला मिळाले तर तेही लगेच पाहा. कुणा विशिष्ट माणसाचे नसलेले, शांत चेहरे. तिथे काठ जागोजागी विरघळतो. सूझा काठ बंद करतात, पदमसी उघडा सोडतात. दोघांमधला अर्धा फरक एवढ्यातच आहे.

चित्रकाराचं चरित्र माहीत नसेल तर भाव कळतो का? की चरित्र वाचूनच चित्राकडे जावं?
— पुणे

आधी चित्र, मग चरित्र, मग पुन्हा चित्र. क्रम उलटा केला की काय होतं, त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे जर्मन चित्रकार किर्खनरचं १९१५चं ‘सैनिक म्हणून स्वतःचं चित्र’. गणवेशातला चित्रकार, ओठांत सिगारेट, मागे नग्न मॉडेल आणि समोर वर धरलेला उजवा हात, मनगटापासून तुटलेला. ‘पहिलं महायुद्ध, सैनिक’ एवढंच वाचून आलेला माणूस ठरवतो, की बिचाऱ्याचा हात लढाईत गेला. प्रत्यक्षात हात गेलेला नव्हता. तोफखान्याच्या तुकडीत प्रशिक्षण घेतानाच तो मनाने कोसळला आणि त्याला सोडून देण्यात आलं. तुटलाय तो रंगवणारा हात, भीतीतला.

चरित्राशिवाय काय दिसतं? डोळे बुबुळ नसल्यासारखे रिकामे. चेहरा पिवळा, आणि त्याच्यासारखेच धारदार, कोरल्यासारखे आकार मागच्या मॉडेलचेही. तो तिच्याकडे बघत नाही आणि बघितलं तरी रंगवायला हात नाही. भीती आणि हतबलता एवढ्यावरूनच कळते. चरित्राने त्याला तारीख आणि कारण दिलं, इतकंच.

भाव सांगताना चरित्राची फोडणी देण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: कुठे? ‘उदास आहे’, कुठे? ‘खांदे उतरलेत आणि वरचा तिसरा हिस्सा रिकामा ठेवलाय’, हे उत्तर चालेल. ‘तो त्या वर्षी आजारी होता’, हे चालणार नाही. व्हॅन गॉगने १८९०मध्ये रंगवलेला डॉक्टर गाशे बघा. मुठीवर टेकलेलं डोकं, चौकटीत तिरका कललेला देह, आणि कोट व पार्श्वभूमी यांचे निळे फटकारे एकमेकांत मिसळत जाणारे. कलता देह आणि टेकलेलं डोकं ही युरोपात शतकानुशतकं खिन्नतेची खूण आहे. त्याच वर्षी व्हॅन गॉग वारला हे न सांगताही चित्र उभं राहतं.

मी कला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. हुबेहूब काढता येतं, पण भाव आणण्यासाठी चेहरा वेडावाकडा केला की तो व्यंगचित्रासारखा होतो. चूक कुठे होते?
— कोल्हापूर

आबालाल रहिमान आणि बाबुराव पेंटर या चित्रकारांच्या गावात हुबेहूब येणं ही काही छोटी शिदोरी नाही, ती टाकू नका. चूक बहुधा अशी होते: नाक मोठं, डोळे मोठे, ओठ जाड, सगळंच एकदम आणि सारख्या प्रमाणात. व्यंगचित्र नेमकं हेच करतं. माणसाचे अवयव वेगळे काढून त्यांची चेष्टा करतं. शिवाय आजूबाजूची जागा जशीच्या तशी ठेवलेली असते, त्यामुळे वाकडा चेहरा सरळ खोलीत बसलेला दिसतो आणि हसू येतं.

असं करून बघा. एकाच बैठकीची कोळशात २०-२० मिनिटांची तीन रेखाटनं करा आणि प्रत्येकात एकच गोष्ट बदला. एकात फक्त प्रमाण: मान दीडपट किंवा कपाळ निम्मं. दुसऱ्यात फक्त अक्ष: डोकं १५ अंश कलवा आणि पार्श्वभूमीही त्याच दिशेने ओढा. तिसऱ्यात फक्त कड: उजेडाची बाजू पार्श्वभूमीत हरवू द्या, सावलीची बाजू कापल्यासारखी ठेवा. जे जमलं असेल तेवढंच कॅनव्हासवर घ्या.

कॅनव्हास १६ × २० इंच पुरे. सपाट हॉगहेअर (डुकराच्या राठ केसांचे) ब्रश, ८ ते १२ क्रमांकाचे. बारीक ब्रश हाताशी ठेवलात की पापण्या काढत बसाल. चेहरा पाच-सहा मोठ्या पातळ्यांत तोडा: कपाळ, नाकाची बाजू, गालाचे दोन भाग, जबड्याखालची सावली. रंग हवा तो घ्या, पण गडद-उजळपणा मूळचाच ठेवा. त्यासाठी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच करड्या छटांची पट्टी पुठ्ठ्यावर करून ठेवा आणि मिसळलेला प्रत्येक रंग डोळे किलकिले करून तिच्याशी ताडून बघा. मातिसचा हिरवा नाकावर चालतो तो याच हिशेबाने. तुमचा हिरवा दोन पायऱ्या गडद झाला तर त्याची मिशी होते किंवा घाण लागल्यासारखं दिसतं. विद्यार्थ्यांच्या कामात सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे.

आणि चेहरा फसला तर डोळे दुरुस्त करत बसू नका, पूर्ण खरवडा. पिकासोने १९०५-०६मध्ये अमेरिकन लेखिका गर्ट्रूड स्टाइनच्या ऐंशी-नव्वद बैठका घेऊन चेहरा पुसून टाकला आणि काही महिन्यांनी ती समोर नसताना तो नव्याने रंगवला. अंग जुन्या पद्धतीचं आणि चेहरा मुखवट्यासारखा, हा सांधा चित्रात आजही दिसतो. त्याने तो लपवला नाही.

चाकूने जाड तैलरंग लावून चेहरे करते. पावसाळ्यात गालावरच्या रंगाला सुरकुत्या पडल्या आणि मागे बुरशी आली. आता काय?
— रत्नागिरी

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन वरून वाळत येतो. वर साय धरते, आत ओलं राहतं, साय फुगते आणि सुरकुतते. जवसाचं तेल वरून घातलं असेल तर हमखास. ट्यूबमधला रंग तेल न घालता लावा, किंवा थोडा अल्किड मीडियम (रंग लवकर वाळवणारं मिश्रण) मिसळा. दोन-तीन मिलिमीटरहून जास्त जाडी एका दमात नको. खालचा थर बोटाला लागेनासा झाला की पुढचा. कॅडमियमचे रंग आणि आयव्हरी ब्लॅक सावकाश वाळतात, अंबर (umber, तपकिरी मातीचा रंग) लवकर, म्हणून खालच्या जाड थरात अंबर आणि मातकट रंग ठेवा.

पडलेल्या सुरकुत्या जात नाहीत. गालाला त्या शोभत असतील तर राहू द्या, नाहीतर तेवढा भाग खरवडून नव्याने भरा. बुरशी कॅनव्हासच्या मागे असेल तर पुढचा रंग पक्का वाळल्यावर उघड्या हवेत, नाकातोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. ओलं फडकं लावू नका. कॅनव्हास ओलसर भिंतीला टेकवू नका, दोन-तीन सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे मागे लावा, आणि न वाळलेलं चित्र प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. जाड चित्राला व्हार्निश निदान वर्षभर नको.